न्यूरोफीडबॅक : मेंदूचे ‘प्रशिक्षण’ सुरू करण्यापूर्वी रुग्णांनी काय जाणून घ्यावे

डोक्यावर दोन-तीन संवेदक चिकटवायचे, समोरच्या पडद्यावरील विमान हात न लावता केवळ एकाग्रतेने उडते ठेवायचे आणि अशी तीस-चाळीस सत्रे पूर्ण झाल्यावर मुलाचे लक्ष अभ्यासात लागेल, झोप सुधारेल, चिंता ओसरेल, असे आश्वासन देणारी केंद्रे गेल्या काही वर्षांत देशातील मोठ्या शहरांमध्ये दिसू लागली आहेत. या पद्धतीस न्यूरोफीडबॅक किंवा ईईजी बायोफीडबॅक असे म्हटले जाते. ती वेदनारहित आहे, तिच्यात गोळी घ्यावी लागत नाही आणि संगणकावरील खेळाचे तिचे स्वरूप मुलांना आवडते. औषधांच्या दुष्परिणामांची धास्ती घेतलेल्या पालकांना तिचे आकर्षण वाटावे, यात आश्चर्य नाही.

हे प्रशिक्षण घेतलेल्या अनेकांमध्ये सुधारणा दिसून येते, ही वस्तुस्थिती आहे. परंतु ती सुधारणा मेंदूच्या लहरींना वळण लावल्यामुळे होते की अन्य कारणांनी, हा या क्षेत्रातील जुना वाद असून अवधान विकाराच्या बाबतीत त्याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आता उपलब्ध झाले आहे. पैसे भरण्यापूर्वी आणि विशेषतः चालू औषधांत कोणताही बदल करण्यापूर्वी रुग्णांनी ते समजून घेणे आवश्यक आहे.

पद्धतीचे स्वरूप

मेंदूतील चेतापेशींच्या कार्यामुळे सूक्ष्म विद्युत् स्पंदने निर्माण होतात. कवटी आणि त्वचा ओलांडून ती बाहेर येईपर्यंत अत्यंत क्षीण होतात व सर्वसाधारणपणे दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकी उरतात. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी डोक्यावरून ही स्पंदने प्रथम टिपली आणि १९२९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फेफऱ्याच्या निदानासाठी आज सर्वत्र काढला जाणारा ईईजी हा आलेख त्याच संशोधनाचे फलित होय.

एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येवरून या लहरींना नावे देण्यात आली आहेत. साधारणतः चार ते आठ आवर्तनांच्या लहरींना थीटा, आठ ते तेरा आवर्तनांच्या लहरींना अल्फा आणि त्याहून जलद लहरींना बीटा म्हणतात. डोळे मिटून शांत बसलेल्या व्यक्तीत अल्फा लहरी ठळकपणे दिसतात. पेंगुळलेल्या अवस्थेत थीटा लहरींचे प्रमाण वाढते. न्यूरोफीडबॅकमध्ये संगणक या लहरी मोजतो आणि इष्ट मानलेला बदल घडताच पडद्यावर विमान वर जाते, चित्रपट सुरू राहतो किंवा घंटी वाजते. बदल न झाल्यास चित्र अंधुक होते. बक्षिसाच्या ओढीने मेंदू हळूहळू तो बदल आत्मसात करतो, असे या पद्धतीचे गृहीतक आहे.

हे उपकरण मेंदूत वीज सोडत नाही, ते केवळ मोजमाप करते. विद्युत् अथवा चुंबकीय उत्तेजन देणाऱ्या पद्धती पूर्णतः वेगळ्या असून त्यांचे धोकेही वेगळे आहेत. म्हणूनच, ‘या यंत्रातून डोक्यात काही सोडले जाते काय?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावा. उत्तर होकारार्थी असल्यास ते न्यूरोफीडबॅक नव्हे, असे समजण्यास हरकत नाही.

तंत्रज्ञानातील एक अडचण सहसा रुग्णांना सांगितली जात नाही. पापणीची उघडझाप, कपाळाच्या आठ्या आणि दात आवळल्याने ताणला जाणारा जबडा यांपासून निर्माण होणारे विद्युत् संकेत मेंदूच्या संकेतांपेक्षा पुष्कळदा कितीतरी मोठे असतात. जबड्याच्या स्नायूंचे संकेत तर नेमके बीटा लहरींच्याच पट्ट्यात मिसळतात. परिणामी, मूल दात आवळून बसले आणि यंत्राने त्यालाच एकाग्रता समजून विमान उडविले, असेही घडू शकते. जाणकार प्रशिक्षक त्वचा नीट स्वच्छ करतो, संवेदकांचा संपर्क तपासतो आणि सत्र चालू असताना पडद्यापेक्षा मूळ आलेखाकडे अधिक लक्ष देतो. संवेदक लावून मुलाला खेळासमोर बसवून जेथे प्रशिक्षक खोलीबाहेर निघून जातो, तेथे नक्की कशाचे प्रशिक्षण चालले आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

घरच्या घरी वापरण्यासाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या डोक्याच्या पट्ट्यांबाबत ही अडचण अधिकच गंभीर ठरते. त्यांतील संवेदक बहुधा कपाळावर, म्हणजे डोळे आणि कपाळाचे स्नायू यांच्या अगदी जवळ येतात. ध्यानधारणेस साहाय्य म्हणून कोणी त्या वापरल्यास आक्षेप नाही. आजारावरील उपचार म्हणून त्यांच्यावर विसंबून राहू नये.

मांजरांपासून मानवापर्यंत

या पद्धतीचा उगम मनोरंजक आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जो कामिया यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो विद्यापीठात असे दाखवून दिले की, आपल्या मेंदूत अल्फा लहरी केव्हा उमटतात हे माणसाला सांगत गेल्यास तो त्या ओळखण्यास आणि पुढे नियंत्रित करण्यासही शिकतो. त्यानंतरच्या दशकात लॉस एंजेलिस येथील संशोधक बॅरी स्टरमन मांजरांवर प्रयोग करीत होते. अन्नाची वाट पाहत निश्चल पण सावध बसलेल्या मांजरात सेकंदाला सुमारे बारा ते पंधरा आवर्तनांची एक विशिष्ट लहर त्यांना आढळली. ती लहर निर्माण केल्याबद्दल बक्षीस मिळू लागताच मांजरे ती अधिकाधिक निर्माण करू लागली.

पुढे योगायोग घडला. मोनोमिथाइल हायड्रॅझीन या अग्निबाणाच्या इंधनाची विषबाधा झाल्यास फेफरे येते. या इंधनाच्या परिणामांचा अभ्यास स्टरमन यांच्याकडे आला, तेव्हा पूर्वीच्या प्रयोगातील प्रशिक्षित मांजरांना इतर मांजरांच्या तुलनेत फेफरे उशिरा येते, असे त्यांच्या निदर्शनास आले. १९७२ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह अपस्माराच्या एका रुग्णाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. प्रशिक्षणानंतर तिचे झटके कमी झाल्याची नोंद त्यात आहे. १९७६ मध्ये टेनेसी विद्यापीठातील जोएल लुबार यांनी हेच तंत्र अतिचंचल मुलासाठी वापरले. आजची बहुतेक केंद्रे लुबार यांच्याच पद्धतीचा, म्हणजे थीटा कमी करून बीटा वाढविण्याचा, अवलंब करतात.

मांजराला उपचारावरील विश्वासामुळे बरे वाटत नाही, त्यामुळे स्टरमन यांचा पुरावा निखळ आहे, असा युक्तिवाद समर्थक करतात. त्यात तथ्य आहे. तसेच मनुष्यही आपल्या मेंदूचे संकेत वळवू शकतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाच्या नील्स बिरबाउमर यांच्या गटाने १९९९ मध्ये, जवळजवळ संपूर्ण शरीर लुळे पडलेल्या रुग्णांना केवळ मेंदूच्या मंद विद्युत् बदलांच्या आधारे संगणकावर अक्षरे निवडण्यास शिकविले होते. मात्र लहर बदलता येणे आणि ती बदलल्याने आजार बरा होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातींमध्ये पहिल्या गोष्टीचा पुरावा दुसरीसाठी सादर केला जातो, हे रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

अवधान विकार : चाचण्यांचा निष्कर्ष

सर्वाधिक संशोधन एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता या विकारासंबंधी झाले आहे. आरंभीच्या अभ्यासांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तथापि, त्यांपैकी बऱ्याच अभ्यासांत एक उणीव होती. मुलात सुधारणा झाली की नाही याचा निर्वाळा जे पालक देत होते, त्यांना आपल्या मुलाला प्रशिक्षण मिळत असल्याची पूर्ण कल्पना होती. आठवड्यातून तीन वेळा मुलाला घेऊन ये-जा करणारे पालक निकालाबाबत तटस्थ राहतील, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. त्यात त्यांचा दोष नाही.

२०१६ मध्ये सॅम्युएल कोर्टेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. प्रशिक्षणाची माहिती असलेल्या निकटवर्तीयांच्या मूल्यमापनात सुधारणा दिसून आली. ज्यांना ती माहिती असण्याचा संभव कमी होता, त्यांच्या मूल्यमापनात ती लक्षणीय ठरली नाही.

यानंतर झालेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी या विषयातील सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी एक मानली जाते. ती थोडी तपशीलवार समजून घेणे उपयुक्त ठरेल. सात ते दहा वर्षे वयाच्या १४४ मुलांची तीत निवड करण्यात आली. या सर्वांमध्ये बीटाच्या तुलनेत थीटा लहरींचे प्रमाण मुळातच जास्त होते. म्हणजे, सिद्धान्तानुसार या पद्धतीचा ज्यांना सर्वाधिक लाभ व्हावा, अशीच ही मुले होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला खरे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटातील मुलेही तशीच संवेदक लावून, तोच खेळ, तितकाच वेळ खेळली. परंतु त्यांचा पडदा त्यांच्या स्वतःच्या मेंदूलहरींनुसार नव्हे, तर आधी ध्वनिमुद्रिकेप्रमाणे साठवून ठेवलेल्या दुसऱ्याच ईईजीनुसार चालत होता. संशय येऊ नये म्हणून मुलाच्या स्वतःच्या पापण्यांच्या हालचालींचे संकेत त्यात मिसळण्यात आले होते. कोणते मूल कोणत्या गटात आहे, हे मुलाला, पालकांना, शिक्षकांना किंवा प्रशिक्षकालाही ठाऊक नव्हते.

दोन्ही गटांतील मुले सुधारली. सुधारणा मोठी होती आणि तेरा महिन्यांनंतरही टिकून होती. परंतु पालक व शिक्षक यांनी नोंदविलेल्या अवधानाच्या प्रमुख निकषावर दोन गटांमध्ये ग्राह्य धरावा असा फरक आढळला नाही. प्रशिक्षण संपतेवेळी तर तो जवळजवळ शून्य होता. लक्षणीय सुधारणा झालेल्या मुलांचे प्रमाण खऱ्या प्रशिक्षणाच्या गटात ६१ टक्के, तर नकली प्रशिक्षणाच्या गटात ५४ टक्के होते. तेरा महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुलांना औषधांची गरज तुलनेने कमी भासली, असेही एक निरीक्षण नोंदविण्यात आले आहे. समर्थक या निरीक्षणावर भर देतात. त्याची नोंद घेणे योग्यच आहे. मात्र ते चाचणीचा प्रमुख निकष नव्हते.

मग नकली प्रशिक्षण मिळालेली मुले सुधारली कशामुळे? आठवड्यातून तीन दिवस ठरावीक वेळी शांत बसण्याचा सराव, प्रेमाने बोलणारी व शाबासकी देणारी प्रौढ व्यक्ती, पालकांचे वाढलेले लक्ष आणि काहीतरी उपाय सुरू असल्याची घरातील आशा, या सर्वांचा वाटा त्यात असणे संभवते. शिवाय पालक मुलाला उपचारासाठी आणतात ते बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर. काळाबरोबर त्यात आपोआप थोडा उतार पडतो. या लाभाला खोटा म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच की, तो मिळविण्यासाठी महागडे यंत्र आवश्यक आहे काय.

अमेरिकन बालरोग अकादमीने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ईईजी बायोफीडबॅकचा समावेश पुरेशा पुराव्याअभावी शिफारस न केलेल्या अथवा अल्प लाभाच्या उपायांत केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८ चाचण्यांच्या आणि सुमारे अडीच हजार सहभागींच्या आढाव्यातही एडीएचडीच्या लक्षणांवर अर्थपूर्ण परिणाम आढळला नाही. माहितीवर प्रक्रिया करण्याच्या वेगात किंचित वाढ मात्र दिसून आली.

अन्य विकारांबाबत

अपस्माराबाबत स्टरमन यांच्या काळापासून छोटे-छोटे अभ्यास होत आले आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांमध्ये झटके कमी झाल्याचे त्यांत नमूद आहे. परंतु रुग्णसंख्या अल्प असून नकली प्रशिक्षणाशी काटेकोर तुलना क्वचितच झाली आहे. याउलट, योग्य औषधे नियमितपणे घेतल्यास अपस्माराचे सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

निद्रानाशासंबंधी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खऱ्या व नकली प्रशिक्षणाने रुग्णांना सारखेच बरे वाटले; झोपेच्या प्रत्यक्ष मोजमापात मात्र खऱ्या प्रशिक्षणाचा वरचढपणा आढळला नाही. दीर्घकालीन निद्रानाशासाठी झोपेच्या सवयी व विचार यांवर काम करणारी वर्तनोपचार पद्धती हा पहिला पर्याय म्हणून मान्यता पावलेला आहे.

भीषण प्रसंगानंतर उद्भवणाऱ्या तणाव विकाराबाबत काहीशी आशा आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१६ मध्ये ५२ रुग्णांच्या अभ्यासात लक्षणे बरीच कमी झाल्याचे नोंदविले. तथापि, तुलनेसाठीचा गट नकली प्रशिक्षण घेणारा नव्हता, केवळ प्रतीक्षायादीतील होता. त्यामुळे एडीएचडीबाबत जो प्रश्न पुढे उपस्थित झाला, तो येथे अद्याप अनुत्तरित आहे.

भारतात बंगळूर येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेच्या मानसशास्त्र विभागाने डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी न्यूरोफीडबॅकचा वापर करून त्यावरील संशोधन प्रसिद्ध केले आहे. अपघातानंतर स्मृती व अवधान मंदावलेल्या रुग्णांसाठी उपायच मोजके असल्याने या कामाचे महत्त्व आहे. मात्र रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अन्य पुनर्वसनासोबत दिलेल्या प्रशिक्षणाचा दाखला शहरातील कोणत्याही केंद्राने आपल्या जाहिरातीसाठी वापरावा, हे उचित नव्हे.

स्वमग्नता, मतिमंदत्व किंवा स्मृतिभ्रंश ‘बरा करण्याचा’ दावा कोणी करीत असल्यास तेथून परत फिरावे.

रंगीत नकाशाची भुरळ

अनेक केंद्रांत प्रथम क्यूईईजी किंवा ‘ब्रेन मॅप’ काढला जातो. लाल-निळ्या रंगांत रंगविलेले डोक्याचे चित्र पालकांसमोर ठेवले जाते आणि ‘येथे थीटा जास्त आहे, म्हणून लक्ष लागत नाही’ असे सांगितले जाते. चित्र प्रभावी दिसते. परंतु अपुरी झोप, पेंग, चहा-कॉफी, चालू औषधे आणि मुलाचे वय या सर्वांमुळे लहरींचे प्रमाण बदलते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये थीटा-बीटा प्रमाण मोजणाऱ्या एका यंत्राला एडीएचडीच्या निदानातील केवळ पूरक साधन म्हणून परवानगी दिली होती; त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने, नेहमीच्या वैद्यकीय मूल्यमापनाऐवजी या प्रमाणावर विसंबून राहू नये, असा सल्ला दिला.

निदानाचा मुद्दा याहूनही मूलभूत आहे. वर्गात मुलाचे लक्ष नसण्यामागे कमी दिसणे, कमी ऐकू येणे, रक्तक्षय, वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्री घोरणे व झोपमोड, अध्ययन अक्षमता किंवा घरातील अस्वस्थता, असे काहीही असू शकते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल खाली पडत नाही, हातपाय झाडत नाही. केवळ काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि पुन्हा पूर्ववत होते. दिवसातून अनेकदा असे घडणाऱ्या मुलाला शाळेत ‘बेलक्ष’ म्हटले जाते. या मुलाला एकाग्रतेच्या प्रशिक्षणाची नव्हे, तर मेंदूविकारतज्ज्ञाची आवश्यकता असते आणि योग्य औषधाने त्यात बहुधा चांगला गुण येतो. प्रशिक्षण केंद्रातील दोन-तीन संवेदकांचे मोजमाप म्हणजे निदानासाठीचा वैद्यकीय ईईजी नव्हे.

औषधे आपण होऊन बंद करू नयेत

न्यूरोफीडबॅकचे स्वतःचे दुष्परिणाम सौम्य असतात. थकवा, डोकेदुखी, चिडचिड, एखाद्या रात्री झोप न लागणे अशा तक्रारी काहींना जाणवतात व सहसा ओसरतात. खरा धोका अन्यत्र आहे. ‘आता मेंदूच प्रशिक्षित झाला, गोळ्यांची गरज काय?’ या विचाराने फेफऱ्याची औषधे अचानक थांबविल्यास, मध्ये न थांबता लागोपाठ झटके येण्याची प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. नैराश्य, द्विध्रुवीय विकार अथवा छिन्नमनस्कता यांवरील औषधे परस्पर सोडल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. एडीएचडीच्या मुलाचे औषध बंद करून चाळीस सत्रांच्या निकालाची वाट पाहण्यात शाळेचे अर्धे वर्ष निघून जाते. मुलाच्या दृष्टीने हा काळ लहान नसतो.

औषध कमी करावयाचे झाल्यास तो निर्णय औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावा, आणि प्रशिक्षण सुरू असल्याची कल्पना त्यांना आरंभीच द्यावी. प्रशिक्षक डॉक्टर नसताना औषध सोडण्याचा सल्ला देत असेल, तर ते प्रशिक्षण त्याच दिवशी थांबविणे हिताचे.

वेळ, पैसा आणि विमा

सत्रे साधारणतः आठवड्यातून दोन ते तीन, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास आणि एकूण वीस ते चाळीस असतात. एका सत्राचे शुल्क ऐकताना ते आवाक्यातील वाटते. तीच रक्कम चाळीसने गुणावी, त्यात ब्रेन मॅपचा खर्च, येण्याजाण्याचे भाडे आणि सोबत जाणाऱ्या पालकाचे बुडणारे कामाचे तास मिळवावेत, म्हणजे खरा आकडा समोर येतो. संपूर्ण ‘पॅकेज’चे पैसे आगाऊ मागितले जात असल्यास मध्येच थांबल्यावर किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. दहा सत्रांनंतर थांबून आढावा घेण्याची अट आरंभीच घालता येते. त्या आढाव्यासाठी शाळेतील शिक्षकांचे मत घ्यावे आणि त्यांना प्रशिक्षणाविषयी आधी काहीही सांगू नये. चाचण्यांतील धडा घरगुती पातळीवर वापरण्याचा हा सोपा मार्ग आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक आहे. तथापि, बहुतांश पॉलिसी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चासाठी असतात आणि न्यूरोफीडबॅक हा बाह्यरुग्ण स्वरूपाचा उपचार आहे. त्यामुळे केंद्राच्या तोंडी आश्वासनावर न राहता विमा कंपनीकडून आगाऊ लेखी उत्तर मागवावे.

प्रशिक्षक कोण, संमती कोणत्या भाषेत

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली असून नोंदणी क्रमांकाची पडताळणी करता येते. मनोविकारतज्ज्ञ अथवा मेंदूविकारतज्ज्ञ असल्यास वैद्यकीय परिषदेची नोंदणी पाहावी. यंत्र विकणाऱ्या कंपनीने आठवडाभरात दिलेले प्रमाणपत्र यंत्र चालविण्यापुरते असते. त्याने आजारावर उपचार करण्याची पात्रता येत नाही. बायोफीडबॅकची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रेही मूळ व्यावसायिक पात्रतेला पूरक आहेत, पर्यायी नव्हेत. भिंतीवर अनेक चौकटी टांगलेल्या असतात. त्यांपैकी नोंदणी क्रमांक कोणत्या चौकटीत आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यात माहितीपूर्ण संमतीची व्याख्या दिलेली आहे. उपचाराचे धोके, लाभ आणि अन्य पर्याय यांची पुरेशी माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत व पद्धतीने दिल्यानंतर, कोणताही दबाव वा फसवणूक न करता घेतलेली संमती म्हणजे माहितीपूर्ण संमती होय. हैदराबाद, बंगळूर, इंदूर किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील वडीलधाऱ्यांना इंग्रजी वा स्थानिक भाषेतील चार पानी अर्जावर नुसती सही करण्याची गरज नाही. समजेल अशा भाषेत समजावून देण्याचा आग्रह त्यांना धरता येतो, आणि ‘अन्य पर्याय कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज संमती पूर्ण होत नाही. आपल्या उपचारांच्या नोंदी पाहण्याचा हक्कही याच कायद्याने रुग्णाला दिला आहे. प्रत्येक सत्राच्या नोंदीची प्रत घेऊन ठेवावी.

‘शंभर टक्के यश’, ‘औषधांपासून कायमची मुक्तता’ अशा जाहिरातींविरुद्ध दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला असून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाईचे अधिकार त्याअन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला देण्यात आले आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. तक्रार करताना जाहिरातीचे छायाचित्र, पावती आणि लेखी आश्वासन सोबत असावे.

उपचार सुरू करावा की नाही याबाबत कुटुंबात मतभेद असल्यास किंवा रुग्णाची अवस्था बिघडत असल्यास केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशकांशी बोलता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये उपलब्ध आहे. फेफऱ्याचा झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास अथवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा झटका आल्यास दूरध्वनीवरील सल्ल्याची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.